रुमाल, तसबीर आणि मयसभेतले हसू

महाभारताच्या सभापर्वातली एक विसंगती पहिल्यांदा लक्षात आली तेव्हा मी भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत बसले होते आणि बाहेर विधी महाविद्यालय रस्त्यावर पाऊस कोसळत होता. राजसूय यज्ञ आटोपल्यावर दुर्योधन मयसभा पाहत हिंडतो, स्फटिकाच्या जमिनीला पाणी समजून वस्त्रे सावरतो, पुढे खऱ्या पाण्याला जमीन समजून त्यात पडतो, हा प्रसंग आपल्याकडे शाळकरी मुलांनाही ठाऊक असतो. त्या वेळी द्रौपदी हसली आणि ‘आंधळ्याचा मुलगा आंधळा’ असे म्हणाली, हेही आपण लहानपणापासून ऐकत आलेलो असतो. ते वाक्य जुनी हस्तलिखिते ताडून सिद्ध केलेल्या चिकित्सक आवृत्तीत नाही, एवढे मला ऐकून माहीत होते. पुढचे माहीत नव्हते. महाभारताचा निवेदक वैशंपायन जेव्हा हा प्रसंग सांगतो तेव्हा हसणाऱ्यांत नोकरचाकर आहेत, भीम आहे, अर्जुन आहे, नकुल-सहदेव आहेत; द्रौपदीचा उल्लेख नाही, आणि कृष्ण तर त्याआधीच द्वारकेला निघून गेलेला आहे. मग दुर्योधन हस्तिनापूरला परततो, खंगत जातो आणि दोन-तीन अध्यायांनंतर हाच प्रसंग स्वतःच्या तोंडाने धृतराष्ट्राला सांगतो. त्याच्या सांगण्यात कृष्ण अर्जुनासह मोठ्याने हसतो, आणि ‘द्रौपदी च सह स्त्रीभिर्व्यथयन्ती मनो मम’, म्हणजे द्रौपदीही आपल्या स्त्रियांसह, माझ्या मनाला व्यथा देत, हसते.

मी तो चरण वहीत उतरवून घेतला आणि बराच वेळ पुढे वाचू शकले नाही. जे लोक तिथे नव्हते ते दुर्योधनाच्या आठवणीत येऊन हसू लागले होते. तो बापाशी जाणूनबुजून खोटे बोलतो आहे असे मला वाटत नाही. परतीच्या वाटेवर आणि नंतरच्या रात्रींत त्याने तो प्रसंग मनाशी इतक्या वेळा घोळवला असेल की, ज्यांच्या हसण्याने आपल्याला सर्वांत जास्त लागले असते ती माणसे त्याला त्या चित्रात दिसू लागली असतील. महाभारताची ही आवृत्ती १९१९ मध्ये हाती घेतली गेली आणि १९६६ मध्ये पुरी झाली. त्यासाठी हजारावर हस्तलिखिते पडताळली गेली. सभापर्वाचे संपादन फ्रँकलिन एजर्टन यांनी केले आहे आणि त्यात ही दोन्ही कथने एकमेकांशी न जुळणारी अशीच, जवळजवळ ठेवलेली आहेत. प्रसंग एक आणि त्याची कथने दोन, एक सांगणाऱ्याचे आणि एक जळणाऱ्याचे.

साहित्यातला मत्सर माणसांची राखरांगोळी करतो, हे कोणी नव्याने सांगावे असे नाही. ते काम तो कोणत्या मार्गाने करतो, हे मात्र मला त्या दुपारपर्यंत नीट कळले नव्हते. आपण त्याला एक विकार मानतो, षड्रिपूंच्या यादीत शेवटी टाकतो आणि क्रोधासारखाच तोही उसळतो, आंधळा करतो असे समजतो. पण मत्सर आंधळा नसतो. त्याची नजर फार बारीक असते, त्याची स्मरणशक्ती चांगली असते आणि तो अखंड काहीतरी रचत असतो. तो कथाकार आहे. घडलेल्या गोष्टीत तो पात्रे वाढवतो, अडचणीची पात्रे वगळतो, क्षुल्लक वस्तूंना अर्थ चिकटवतो, आणि आपल्या कथेचा पहिला वाचकही तोच असल्यामुळे तिच्यावर त्याचा पूर्ण विश्वास बसतो.

सभापर्वातला दुर्योधन या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखा आहे. यज्ञात आलेले नजराणे स्वीकारण्याचे काम युधिष्ठिराने त्याच्याकडेच सोपवलेले असते. तो मान होता. पण दुसऱ्याच्या वैभवाचा प्रत्येक नग स्वतःच्या हाताने मोजून घेण्याची शिक्षाही त्यातच होती. बापासमोर बसून तो त्या नजराण्यांची यादी सांगू लागतो तेव्हा ती संपता संपत नाही. कोणत्या देशाच्या राजाने कोणते घोडे आणले, कोणती कातडी आणली, मुंग्यांनी उकरून काढलेले सोने कोणी आणले, सगळे त्याला पाठ आहे. घेता घेता माझा हात पुरेनासा झाला, मी थकलो, आणि दूरदूरचे धन घेऊन आलेले लोक थांबून राहिले, असे तो सांगतो. युधिष्ठिराला स्वतःला तरी ही यादी इतकी तपशीलवार आठवत असेल का, असा विचार माझ्या मनात येतो. माणूस स्वतःची संपत्ती वापरतो. तिचा हिशेब ठेवतो तो शेजारी.

धृतराष्ट्र त्याला विचारतो की, तू उंची वस्त्रे पांघरतोस, मांसभात जेवतोस, जातिवंत घोडे तुला वाहून नेतात, मग तू असा फिकट आणि कृश का झाला आहेस? प्रश्न अगदी बापाचा आहे. दुर्योधनाने त्याआधी शकुनीला आपली अवस्था एका उपमेत सांगितलेली आहे: उन्हाळा लागल्यावर उथळ डबके आटावे तसा मी रात्रंदिवस जळत आटतो आहे. पाण्यात पडून फजिती झालेल्या माणसाच्या तोंडी ही पाण्याची उपमा यावी, यात त्या कवीची जी जाण दिसते तिच्यापुढे मी प्रत्येक वाचनात थांबते. त्याच ओघात तो म्हणतो की मी आगीत शिरेन, विष खाईन, पाण्यात उडी घेईन, पण असा जगू शकणार नाही. द्यूताचा विचार पुढचा. पहिला विचार स्वतःला संपवण्याचाच आहे. आपले नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करणे अशी म्हण आपल्याकडे आहे, आणि अठरा दिवसांच्या युद्धाचे तिच्याइतके नेमके वर्णन दुसरे करता येणार नाही.

या कथनातला सर्वांत भेदक तपशील मात्र हसण्याचा नाही, तो कपड्यांचा आहे. वैशंपायनाच्या निवेदनात युधिष्ठिराच्या आज्ञेवरून दुर्योधनाला कोरडी वस्त्रे दिली जातात. भिजलेल्या पाहुण्याला कोणीही घरधन्याने द्यावीत तशी ती दिली जातात. दुर्योधन ही गोष्ट बापापासून लपवत नाही. सेवकांनी राजाज्ञेने मला दुसरी वस्त्रे दिली, असे तो सांगतो आणि पुढे जोडतो, ‘तच्च दुःखतरं मम’, ते मला अधिकच दुःखदायक झाले. अमरकोश या जुन्या संस्कृत कोशात असूयेची व्याख्या आहे, ‘असूया तु दोषारोपो गुणेष्वपि’, गुणांवरसुद्धा दोषाचा आरोप करणे म्हणजे असूया. ही व्याख्या समजावून सांगण्यासाठी या कोरड्या वस्त्रांहून चांगले उदाहरण मला सापडलेले नाही. त्याच ओळीत अमरकोश ईर्ष्येला ‘अक्षान्ति’ म्हणतो, म्हणजे न सोसणे, सहन न होणे. आपण मराठीत तेच म्हणतो: ‘त्याला बघवत नाही.’

मराठीने या भावनेची जागा शरीरात फार अचूक शोधून ठेवलेली आहे. दुसऱ्याचे चांगले झाले की आपल्या पोटात दुखते, त्याची भरभराट डोळ्यांत खुपते, त्याचे कौतुक ऐकून अंगाचा जळफळाट होतो. हेवा मात्र या सगळ्यांत सौम्य आहे. ‘हेवा वाटावा असे यश’ हे आपण कौतुकाने म्हणू शकतो, ‘मत्सर वाटावा असे’ म्हणताना जीभ थोडी अडखळते. हेव्याला दुसऱ्याकडे आहे तसे आपल्याकडे असावे एवढेच वाटत असते. मत्सराला ते दुसऱ्याकडे नसावे असे वाटते. दुर्योधनाने स्वतःची सभा बांधली असती तर महाभारत तिथेच थांबले असते.

मराठी रंगभूमीकडे वळले की एक योगायोग समोर येतो आणि तो मला नेहमी विचारात पाडतो. गोविंद बल्लाळ देवल यांनी शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’वरून ‘झुंझारराव’ हे नाटक १८९० मध्ये लिहिले, आणि १८९३ मध्ये ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ लिहिले, ज्याचे पुढे पदे घालून ‘संगीत संशयकल्लोळ’ झाले. ते संगीत रूप १९१६ मध्ये, देवल गेले त्याच वर्षी, गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले. म्हणजे अवघ्या तीन वर्षांच्या अंतराने एकाच लेखकाने नवऱ्याच्या संशयावर एक शोकांतिका आणि एक प्रहसन मराठीत आणले. दोन्ही नाटकांचा डोलारा एका हातात मावणाऱ्या वस्तूवर उभा आहे. तिकडे रुमाल, इकडे तसबीर.

संशयकल्लोळ मी आजवर किती वेळा पाहिले याची मोजदाद ठेवलेली नाही. पहिला प्रयोग वडिलांबरोबर सदाशिव पेठेत भरत नाट्य मंदिरात पाहिला होता आणि तेव्हा मला सर्वांत जास्त मौज वाटली होती ती महिन्यांची आणि नक्षत्रांची नावे धारण करणाऱ्या त्या माणसांची: फाल्गुनराव, अश्विनशेठ, कृत्तिका, रेवती, भादव्या. रेवतीला घेरी येते, फाल्गुनराव तिला सावरतो, कृत्तिका ते पाहते. रेवतीजवळची अश्विनशेठची तसबीर खाली पडते, ती कृत्तिकेच्या हाती लागते, आणि तिला ती न्याहाळताना फाल्गुनराव पाहतो. इतक्या भांडवलावर चार माणसांचे चार संशय उभे राहतात आणि प्रेक्षागृह हसत राहते. मीही हसते. पण गेल्या खेपेला पाहताना मला जाणवले की फाल्गुनरावाच्या डोक्यात जे चालले आहे ते ऑथेल्लोच्या डोक्यात चालले आहे त्याहून वेगळे नाही. वस्तू हाती लागते, तिच्याभोवती कथा रचली जाते, आणि मग घरातली प्रत्येक हालचाल त्या कथेचा पुरावा होऊन बसते.

मग एका नाटकात माणसे घरी परततात आणि दुसऱ्यात पलंगावर प्रेत पडते, ते का? आमच्या वाचनगटात या प्रश्नावर एक अख्खी संध्याकाळ गेली. गटातले एक ज्येष्ठ निवृत्त प्राध्यापक, ज्यांना आम्ही सगळेच सर म्हणतो, त्यांचे म्हणणे सरळ होते की, “फाल्गुनरावाच्या घरी इयागो नाही हो, म्हणून निभावते.” ते खरेच आहे, ऑथेल्लोचे कान भरणारा इयागो इथे नाही; फाल्गुनरावाचा नोकर भादव्या काड्या घालतो, विष कालवत नाही. मला मात्र आणखी एक कारण दिसते. संशयकल्लोळात सगळे मत्सरी एकमेकांवर तोंडाने तुटून पडतात. कृत्तिका नवऱ्याला सोडत नाही, नवरा तिला सोडत नाही, अश्विनशेठ रेवतीला टाकून बोलतो, आणि या भडिमारात केव्हातरी सगळ्या कथा एकाच जागी येऊन एकमेकींवर आपटतात व फुटतात. ऑथेल्लोच्या घरात हे होत नाही. चौथ्या अंकात त्याची बायको डेस्डेमोना त्याला विचारते की, मी कोणाशी, कशी अप्रामाणिक झाले? तो उत्तर देत नाही. ज्याच्यावर संशय आहे त्या कॅशिओचे नाव घेऊन, रुमालाचा उच्चार करून तो तिच्यावर थेट आरोप करतो ते शेवटच्या अंकात, तिला मारायचे ठरवून आल्यानंतर. त्या माणसाला बोलावून विचारा, असे ती म्हणते तेव्हा फार उशीर झालेला असतो.

आणि तो रुमाल. तिसऱ्या अंकात ऑथेल्लो तिला सांगतो की तो रुमाल माझ्या आईला एका इजिप्शियन स्त्रीने दिला होता, त्यात जादू आहे, तो हरवला तर अनर्थ होईल. शेवटच्या अंकात, खून करून झाल्यावर, तो म्हणतो की तो रुमाल माझ्या वडिलांनी माझ्या आईला दिला होता. एकाच माणसाच्या तोंडी एकाच रुमालाचे दोन इतिहास. शेक्सपिअरची ही चूक असेल असे समजून मी पूर्वी पुढे गेले होते. सभापर्व वाचल्यानंतर तसे पुढे जाता येत नाही. मयसभेतल्या हसण्याशी तर त्याचे नाते आणखीच जवळचे आहे: चौथ्या अंकात ऑथेल्लो आडोशाला उभा राहून कॅशिओला हसताना पाहतो, ते हसू बियांका नावाच्या दुसऱ्याच स्त्रीविषयी असते, आणि हा ते आपल्या बायकोविषयी आहे असे मानून चालतो. दुर्योधनाला न हसलेली माणसे हसताना दिसली. याला दुसऱ्यासाठीचे हसू आपल्यावर ओढून घ्यावेसे वाटले. मत्सरी माणसे कारण असते म्हणून मत्सरी होत नाहीत, मत्सरी असतात म्हणूनच होतात, अशा आशयाचे बोल या नाटकात इयागोची बायको एमिलिया हिच्या तोंडी आहेत. तोच रुमाल उचलून नवऱ्याच्या हाती देणारी आणि मालकिणीने विचारल्यावर मला ठाऊक नाही म्हणणारी एमिलियाच आहे, हेही विसरून चालणार नाही.

मराठी नाटकातला आणखी एक मत्सर मला याहून अधिक भीतिदायक वाटतो, कारण तो आवाज करत नाही. विजय तेंडुलकरांच्या १९७२ मधल्या ‘सखाराम बाइंडर’मधली लक्ष्मी देवभोळी आहे, मुंगळ्याशी बोलते, त्याला साखर घालते. तिला मत्सरी म्हणावे असे तिच्या बोलण्या-वागण्यात पहिल्या अंकात काही नाही. टाकलेल्या बायकांना आणून ठेवणाऱ्या सखारामच्या घरी ती नंतर परत येते तेव्हा तिची जागा चंपाने घेतलेली असते; चंपाच तिला घरात राहू देते. लक्ष्मी दुपारच्या वेळी चंपाच्या मागावर जाते, सखारामचा मित्र दाऊद याच्याशी असलेले चंपाचे प्रकरण तिला कळते, आणि सखाराम तिला मारून घराबाहेर काढू लागतो तेव्हा ते ती सांगते. पुढे सखारामच्या हातून चंपाचा खून होतो आणि तो गळाठून बसलेला असताना प्रेत पुरण्याची लगबग लक्ष्मीच करते. निराधार स्त्रीचा जीव वाचवण्याचा तो आकांत आहे हे मला मान्य आहे, आणि तिला खलनायिका ठरवणारे वाचन मला उथळ वाटते. तरीही मुंगळ्याला जपणाऱ्या त्याच हातांनी ती जमीन उकरायला धावते, हे दृश्य मनातून जात नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे. आपल्या भाषेत ‘सवतीमत्सर’ असा तयार शब्द आहे, आणि त्यामुळे मत्सर ही बायकांची गोष्ट आहे असे आपण सहज धरून चालतो. नवऱ्याच्या मत्सराला तसा स्वतंत्र शब्द नाही. त्याला आपण ‘संशयी स्वभाव’ म्हणतो. मारल्या जातात त्या मात्र डेस्डेमोना आणि चंपा. पुण्यात सकाळी वर्तमानपत्र उघडले की आतल्या पानावर एक शब्दप्रयोग वर्षानुवर्षे भेटत राहतो: ‘चारित्र्याच्या संशयावरून पत्नीचा खून.’ हे शब्द इतके गुळगुळीत झाले आहेत की त्यांची रचना आपल्याला दिसत नाही. त्यात संशय घेणारा कोण हे नाही. आहे ते चारित्र्य, आणि ते तिचे. जी मेली तिच्याच चारित्र्याकडे त्या दोन शब्दांनी बोट दाखवलेले असते, आणि ज्याच्या डोक्यात ती कथा रचली गेली तो वाक्याच्या बाहेर उभा राहतो. ‘नवऱ्याच्या मत्सरातून पत्नीचा खून’ असे कोणी का छापत नाही, हा प्रश्न मला खरोखर पडतो. खुनी माणसाने रचलेली कथा आपण बातमीच्या मथळ्यात जशीच्या तशी उचलतो आहोत, हे एखाद्या उपसंपादकाने एकदा तरी थांबून पाहावे.

दुर्योधनाच्या त्या दोन कथनांनी मला का धरून ठेवले, हे सांगितल्याशिवाय हे लिखाण प्रामाणिक होणार नाही. महाविद्यालयात असताना माझी एक मैत्रीण होती. आम्ही दोघीही कथा लिहीत असू, एकमेकींना वाचून दाखवत असू आणि दोघींनाही मनापासून लेखिका व्हायचे होते. एका आंतरमहाविद्यालयीन कथास्पर्धेत तिच्या कथेला पहिले पारितोषिक मिळाले. माझी कथा कुठेच नव्हती. तिची कथा छापून आल्यावर मी वाचली तेव्हा तिच्यात एक प्रतिमा होती: पितळेच्या गोल डब्याच्या झाकणाला आतून धरलेले वाफेचे थेंब, आणि झाकण उचलताना त्यांतला एक थेंब भाकरीवर पडून तिथे उमटलेला डाग. हीच प्रतिमा माझ्या वहीत होती. तिने ती माझ्या वहीतून घेतली, असे मी ठरवले. विचारले नाही. वही तिच्या घरी राहिली होती तो दिवस मला आठवला, तिने वाचून झाल्यावर काहीच प्रतिक्रिया दिली नव्हती ते आठवले, पारितोषिक घेताना ती माझ्याकडे पाहत नव्हती तेही आठवले, आणि हे सगळे एका माळेत अगदी नीट बसले. मी ते इतर दोघींना सांगितले. दोघी पुरल्या. तिच्यापर्यंत ते पोहोचले तेव्हा ती माझ्याशी भांडलीसुद्धा नाही, तिने येणे बंद केले. तिची पुढची कथा मी कुठे वाचली नाही.

भांडारकरमधून घरी परतताना, रिक्षात बसून त्या चरणाचा विचार करत असताना, मला सासवड आठवले. तिची आजी सासवडला राहत असे. दिवे घाटातून बसने आम्ही दोघी एकदा दिवाळीच्या सुटीत तिच्याकडे गेलो होतो. तिच्या आजीने चुलीवर भाकऱ्या केल्या होत्या आणि त्या पितळेच्या डब्यात ठेवल्या होत्या. झाकण उचलताना थेंब पडला तेव्हा आजी म्हणाल्या, “पोरी, वरची मला दे गं, ती ओली झाली.” आम्ही दोघी शेजारी शेजारी पाटावर बसलो होतो. डबा तिच्या आजीचा होता, स्वयंपाकघर तिचे होते, आणि ते पाहायला मला तीच घेऊन गेली होती. माझ्या वहीत ती प्रतिमा आली ती तिथूनच. इतकी वर्षे मी जी कथा मनाशी सांगत आले होते तिच्यात सासवड नव्हते, बस नव्हती, आजी नव्हत्या. ते सगळे मी वगळले होते आणि वगळले आहे हे मला कळलेही नव्हते. न हसलेल्या द्रौपदीला दुर्योधनाने आणून बसवले. मी असलेल्या आजींना उठवून लावले होते.

लिहिणाऱ्या, गाणाऱ्या, वाजवणाऱ्या माणसांमधला मत्सर म्हणूनच मला प्रेमातल्या मत्सरापेक्षा जवळचा वाटतो. पुरुषोत्तम दारव्हेकरांच्या ‘कट्यार काळजात घुसली’ या १९६७ च्या नाटकात दोन घराण्यांच्या गाण्याचा सामना आहे. २०१५ च्या चित्रपटात खाँसाहेबांच्या पराभवाची खंत त्यांच्या पत्नीला सोसत नाही आणि ती पंडितजींना शेंदूर खाऊ घालते. त्यांचा आवाज जातो. मत्सर एकाच्या मनात असतो आणि विष दुसऱ्याच्या हातून घातले जाते, हे त्या कथेत मला फार खरे वाटले. घरात एकजण जळत असला की घरातल्या इतरांनाही त्याची झळ लागते. युरोपात हीच गोष्ट एका खऱ्या माणसावर बेतली. संगीतकार मोझार्टला सालिएरी या दुसऱ्या संगीतकाराने मत्सरापोटी विष घातले या अफवेवर पुश्किनने १८३० मध्ये छोटेखानी नाटक लिहिले. सालिएरी त्याआधी पाच वर्षे वारला होता. बेथोव्हेन आणि शूबर्ट त्याच्याकडे शिकले होते, इतकेच काय, मोझार्टच्या धाकट्या मुलालाही त्याने शिकवले होते. विषाच्या गोष्टीला आधार नाही, पण आज त्याचे नाव निघते ते त्या गोष्टीमुळेच. मत्सराविषयीच्या चांगल्या कथेनेही एका माणसाचे नाव गिळले, हे लिहिणाऱ्यांनी लक्षात ठेवावे असे मला वाटते.

पुण्याजवळ देहूला इंद्रायणीच्या डोहाकाठी उभे राहिले की या सगळ्या कथांहून वेगळी एक कथा आठवते. तुकोबांच्या अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवायला लावल्या गेल्या आणि त्या तेरा दिवसांनी कोरड्या वर आल्या, ही परंपरेने चालत आलेली कथा आहे. वह्या बुडवायला सांगणारे वाघोलीचे रामेश्वरभट्ट. त्यांच्या विरोधाला केवळ मत्सर म्हणणे हे त्या काळच्या जातिव्यवस्थेला फार स्वस्तात सोडून देणे ठरेल; शूद्राच्या तोंडून वेदार्थ निघतो हे त्यांना शास्त्राने आणि अधिकाराने खपत नव्हते. पण ज्याच्या शब्दांकडे लोक ओढले जातात त्याचे शब्दच पाण्यात घालावेत, ही इच्छा निव्वळ शास्त्रातून येत नाही. ‘कोणाही जिवाचा न घडो मत्सर’ असे तुकोबा लिहितात, ते असल्या माणसांमध्ये राहून.

रामेश्वरभट्ट पुढे तुकोबांचे शिष्य झाले. त्यांनी रचलेली आरती वारकऱ्यांच्या तोंडी आजही आहे आणि आमच्या गल्लीतल्या विठ्ठल मंदिरात मी ती लहानपणापासून ऐकत आले आहे. टाळ वाजत असताना शब्दांकडे कोणाचे लक्ष जात नाही. माझेही गेले नव्हते. या पावसाळ्यात ते पहिल्यांदा गेले. रामाने सागरात दगड तारले तसे तुकोबांचे अभंग पाण्यात राखले गेले, असे त्यात आहे. म्हणजे ज्याने बुडवायला लावले तोच आपल्या आरतीत त्या पाण्याचा उल्लेख टाळत नाही, घडलेल्या गोष्टीतून तो डोह वगळत नाही. पुढचे कडवे असे आहे: ‘तुकितां तुलनेसी । ब्रह्म तुकासी आले । म्हणोनी रामेश्वरे । चरणी मस्तक ठेविले.’ तुकणे म्हणजे तोलणे. दोघांना एका तराजूत घालून पाहण्याची जी क्रिया दुर्योधन नजराणे मोजताना करत होता आणि मी छापलेली कथा हाती घेऊन करत होते, तीच क्रिया या कडव्यात आहे, आणि पारडे दुसऱ्याच्या बाजूला झुकले हे तोलणाऱ्याने स्वतःचे नाव घालून लिहिले आहे. रोज संध्याकाळी आरती संपताना मंदिरात शेवटी ऐकू येते ते रामेश्वराचे नाव.